निवटीचा सातबारा

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. ज्या माणसाने पंचवीस-तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेतल्या आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, तो संपाचा नाही तर बोनसचा इतिहास सांगणार. आम्ही एका ओळीत 'निवटी' असे लिहून पाठविले. उलट टपाली विचारणा आली की, आपणांस 'निवृत्ती' म्हणावयाचे आहे काय? आम्ही पन्नाशी ओलांडली असल्यामुळे ही शंका अगदीच अस्थानी नव्हती. परंतु निवृत्ती अद्याप दूर आहे आणि निवटी मात्र डोळ्यांदेखत निघून चालली आहे. म्हणून आधी तिचा विषय.

इतिहास म्हटला की किल्ले, तह आणि तलवारी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आमच्यासारख्या दहावीनंतर शाळा सोडून वाचनालयात शिकलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतेही पुस्तक हाती आले की त्यात आपली माणसे कोठे आहेत हे तो शोधू लागतो. ती सहसा सापडत नाहीत. मग पुस्तक मिटून चिखलात उतरावे लागते. आजचा इतिहास हा असा चिखलातला आहे.

निवटी म्हणजे काय हे ठाणे, रायगड, पालघरच्या खाडीकाठच्या माणसास सांगावयास नको. घाटावरच्या श्रोत्यांसाठी थोडे सांगतो. गोबी नावाच्या माशांच्या मोठ्या गोतावळ्यातला हा एक लहान मासा. फार तर वीतभर लांब, अंगाने बुळबुळीत, रंगाने चिखलासारखा. समुद्राचे खारे पाणी आणि नदीचे गोडे पाणी जेथे मिसळते त्या मचूळ पाण्याच्या काठावर, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात याची वस्ती. ओहोटी लागली की इतर मासे पाण्याबरोबर मागे सरतात. निवटी सरत नाही. ती बिळातून बाहेर येते, पुढच्या दोन परांवर अंग रेटीत चिखलावर चालते, कधी टुणकन उडी मारते आणि ओल्या चिखलावर धरलेली सूक्ष्म वनस्पतींची साय डोके डावी-उजवीकडे हालवीत खरडून खाते. तिचे डोळे कपाळाच्या वर, बेडकासारखे. ते कोरडे पडू लागले की ती ते खोबणीत ओढून पुन्हा ओले करते. अंग ओले असेतोवर कातडीतून आणि तोंडाच्या ओल्या अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेते. पाणी आणि जमीन या दोन्ही राज्यांत वावरणारा हा जीव. म्हणूनच, पुढे दिसेल त्याप्रमाणे, कोणत्याही एका राज्याच्या दप्तरात त्याची नीट नोंद झाली नाही.

तिच्या संसाराची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. चिखलात खोल गेले की तेथील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा ठिकाणी अंडी जगणार कशी? निवटीच्या एका जपानी भावकीतल्या माशावर तेथील संशोधकांनी केलेले काम २००७ साली प्रसिद्ध झाले. नर मासा बिळाच्या तळाशी एक खोली करतो. अंडी त्या खोलीच्या छताला चिकटविलेली असतात. मग हा बापडा वर येऊन तोंडात हवा भरून घेतो, खाली जाऊन खोलीत सोडतो, पुन्हा वर येतो. ओहोटी असेतोवर हे काम चालते. अंडी अशी हवेत वाढतात. ती फुटण्याची वेळ आली की रात्रीच्या भरतीला तोच नर खोलीतली हवा घोट-घोट बाहेर नेतो, खोलीत पाणी चढते आणि पिले पाण्यात जन्म घेतात. ही पाळी कोणत्या भोंग्यावर चालते हे निसर्गच जाणे. परंतु इतक्या काटेकोरपणे पाळी भरणारा कामगार आम्ही तरी पाहिला नाही.

या माशाला शास्त्रीय नाव मिळाले ते परदेशात. दुसुमिए नावाचा एक फ्रेंच व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली गलबते घेऊन हिंदी महासागरात फेऱ्या मारीत असे आणि जाता-येता मासे गोळा करून पॅरिसच्या संग्रहालयास पोचवीत असे. १८३७ साली वालान्सिएन या शास्त्रज्ञाने आपल्याकडच्या निवटीच्या एका जातीला त्याचे नाव दिले; आजही ग्रंथांत ती 'बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी' म्हणून ओळखली जाते. दुसुमिएने मासा पाठविला याबद्दल त्याचे आभार मानू. परंतु तो मासा चिखलातून काढून कोणी तरी त्याच्या हाती दिला असेल. ते हात कोणाचे, हे त्या खंडात नाही.

गोबी हा हलक्या लोकांचा मासा अशी कोणाची समजूत असल्यास तीही दूर करावी. जपानचे सम्राट अकिहितो यांनी तरुणपणापासून गोबी माशांचा अभ्यास केला, त्यावर अनेक शोधनिबंध लिहिले, आणि २००७ साली गोबींच्या एका नव्या गणाला त्यांचेच नाव देण्यात आले. २०१९ साली त्यांनी सिंहासन सोडले, गोबी सोडली नाही. २०२१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. राजाला या माशात आयुष्यभर पुरेल एवढा विषय सापडला. आमच्या खाडीकाठच्या बाईला त्यात संध्याकाळचे कालवण सापडले. दोघांनाही तो मासा ओणवे होऊनच पाहावा लागला.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. निवटी ज्या पट्ट्यात राहते तो पट्टा कोणाचा?

कोकणात समुद्राच्या भरतीला मातीचा बांध घालून जमीन मिळविण्याची विद्या फार जुनी. बांधाला उघाडी ठेवावयाची, ती भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. पावसाच्या पाण्याने दोन-चार वर्षे मीठ धुऊन काढावयाचे आणि मग त्या खाऱ्या मातीत भात लावावयाचा. अलिबाग-पेणचा खारेपाट असा माणसांनी घडविला आहे. त्या जमिनीला जन्म दिला तो पावड्याने आणि घमेल्याने. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की अख्खा गाव अंधारात धावत जाई आणि अंगाने पाणी अडवी. पण जमिनीच्या कागदावर नाव बहुतेक ठिकाणी खोताचे होते. बांधाची डागडुजी कुळाच्या माथी आणि धान्याचा मोठा वाटा खोताच्या कोठारात, असा तो न्याय होता.

या न्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा भरली आणि खोताची जमीन कसावयाची नाही असा निर्णय झाला. नेते होते नारायण नागू पाटील. चरी आणि आसपासची मिळून २५ गावे संपावर गेली. हा संप १९३९ पर्यंत चालला. श्रोत्यांनी हा आकडा नीट ध्यानात घ्यावा. सहा महिने नव्हे, सहा हंगाम जमीन पडीक राहिली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती स्वराज्यानंतर, १९४९च्या कायद्याने. परंतु तिचा कणा मोडला तो चरीच्या पडीक शेतांनी.

आम्ही संप चालविणारी माणसे आहोत, म्हणून आम्हांस येथे एक व्यवहारी प्रश्न पडतो. आमच्या धंद्यात म्हण आहे की, संप घोषणेने सुरू होतो आणि चुलीवर टिकतो. सहा वर्षे चूल पेटली कशावर? लोकांनी रानातील लाकूडफाटा विकला, मोलमजुरी केली, कर्ज काढले. आणि बांधाच्या पलीकडे खाडी होती. बांधाच्या आत जे पिकत होते त्याचे माप होते, आणि माप होते म्हणून खंड होता. बांधाबाहेरच्या चिखलात जे हलत होते ते मापात बसत नव्हते. चिंबोरी, कोलंबी, बोईट, निवटी यांचा खंड कोणत्या पायलीने मोजणार? बांधाच्या एका अंगाला मालकी आणि दुसऱ्या अंगाला भूक भागविण्याची मोकळीक, असा हा खारेपाटाचा नकाशा आहे. ज्याच्यापाशी मोकळीक उरली आहे तोच मालकीशी दीर्घकाळ भांडू शकतो, हा त्या नकाशाचा अर्थ आम्ही काढतो.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास हेच सांगतो. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या, सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. १९८२च्या जानेवारीत सुरू झालेला संप तर वर्ष उलटले तरी मागे घेतला गेला नाही. दोन्ही वेळा कामगारांच्या झुंडी गावी गेल्या. कोकणातला चार गुंठ्यांचा तुकडा, घाटावरचा भावाचा वाटा, नदीचा मासा, रानाची भाजी यांवर गिरणीचा संप उभा राहिला. ज्याला गाव नव्हते त्याचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. संघटनेच्या पावतीपुस्तकावर जो संपनिधी असतो तो आठ-पंधरा दिवसांचा. खरा संपनिधी गावच्या शिवारात आणि खाडीच्या चिखलात असतो, व त्याची पावती कोणी फाडीत नाही.

आणि हा निधी मुंबई शहराने कसा बुजविला तेही पाहा. सात बेटांची मुंबई एक झाली ती खाड्या बुजवून. १७८४च्या सुमारास वरळी आणि महालक्ष्मी यांमधील खिंडार हॉर्नबीच्या बांधाने बंद झाले. १८४५ साली माहीम आणि वांद्रे जोडले गेले. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बॅकबेचा समुद्र भरावयास घेतला. त्यातील पैशाच्या उधळपट्टीवर वीर नरिमन यांनी तोफ डागली, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि १९२८ साली ते निर्दोष सुटले, हे सर्वश्रुत आहे. याच खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी उभ्या केल्या, हे मात्र फारसे कोणी जोडून सांगत नाही. एका हाताने समुद्र भरून धनिकांसाठी जमीन आणि दुसऱ्या हाताने कामगारांसाठी १६० चौरस फुटांची खोली. त्या खोलीत राहणाऱ्याला समुद्र दोन मैलांवर होता, तरी ओहोटीला उतरून चार मासे धरावे असा किनारा त्याच्यासाठी उरत गेला नाही. शिवडीचा चिखल तेवढा उरला. तेथूनच आता न्हावा-शेवाकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा सागरी पूल १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला आहे.

खाडीच्या पूर्वेकडचा इतिहास आमच्या अधिक जवळचा. १९५०-६०च्या दशकांत तुर्भ्याला तेलशुद्धीचे कारखाने आले, पाठोपाठ ठाणे-बेलापूर रस्त्याला रसायनांचे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांवर नव्या शहराची रेघ ओढली गेली. भातशेते गेली, मिठागरे गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला, त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यांच्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व जन्मले. आमच्या मते स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या मोठ्या विजयांपैकी हा एक आहे, व त्यात कोणी उणे पाहू नये.

तथापि विजयाचेही एक माप असते. साडेबारा टक्के कशाचे? सातबाऱ्यावर जेवढी जमीन असेल तिचे. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याचा हिशेब झाला. जी बाई रोजच्या ओहोटीला कास्टा घालून गुडघाभर चिखलात उतरत होती, बिळाच्या एका तोंडावर पाय ठेवून दुसऱ्या तोंडात कोपरापर्यंत हात घालीत होती, कमरेची पिशवी भरून बाजारात वाटे मांडून बसत होती, तिच्या हक्काचे साडेबारा टक्के कोणत्या कागदावरून काढणार? निवटीचा सातबारा कोणत्याही तलाठ्याने लिहिलेला नाही. खाडी सरकारची, किनारा सरकारचा, भरतीरेषेच्या खालची जमीन सरकारची. पिढ्यानपिढ्यांची वहिवाट होती. ती पायांच्या ठशांची, आणि ठसे प्रत्येक भरतीला पुसले जात.

येथवर इतरांचा इतिहास झाला. आता आमचा.

१९९६ साली आम्ही खाडीकाठच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होतो आणि तेथील संघटनेचे नवे चिटणीस होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. तसे कारखाने पुष्कळ होते. पगारवाढीच्या मागणीवरून मालकाने टाळेबंदी केली, ती सात महिने चालली. आमच्यातले निम्मे कामगार शेजारच्या आगरी-कोळी गावांतले. तिसऱ्या महिन्यात निधी संपला. चौथ्या महिन्यात लोक फुटू लागतील हे आम्ही धरून चाललो होतो, पण ते फुटले नाहीत. फाटकासमोरच्या मांडवात रोज दुपारी भाताचे पातेले आणि निवट्यांचे कालवण येई. गावच्या बाया ते आणीत. चिंच घातलेले, झणझणीत. त्यांतल्या एक वयस्क मावशी सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या रश्शात भात कालवून खात, आणि "जेवलात काय रे समदे?" असे विचारून पातेले घासावयास नेत. सात महिन्यांनी तडजोड झाली. पगार वाढला, सगळे कामावर परतले. विजयसभेत आम्ही लांबलचक भाषण केले. पातेल्याचा उल्लेख त्यात होता की नाही, आठवत नाही.

पुढच्याच पावसाळ्यानंतर त्या मावशी चार बायांना घेऊन संघटनेच्या कचेरीत आल्या. कारखान्याचा नाला रात्रीच्या ओहोटीला लालसर वाहतो, चिखलावर तवंग येतो, निवट्या बिळाच्या तोंडाशीच मरून पडतात, हात घातला की कातडीची आग होते, असे त्यांचे म्हणणे. त्या खोटे बोलत नव्हत्या. कोणत्या पाळीला कोणता व्हॉल्व्ह उघडतो हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. तो उघडणारे हात आमच्याच सभासदांचे होते. कार्यकारिणीची बैठक झाली. कोणी म्हणाले, तक्रार केली तर कारखाना बंद होईल. कोणी म्हणाले, आत्ताच तर करार झाला आहे. शेवटी ठरले की काही करावयाचे नाही. त्या दिवसाच्या इतिवृत्तात एक वाक्य आहे: "सदर विषय संघटनेच्या कक्षेबाहेरचा आहे." ते वाक्य आमच्या हस्ताक्षरात आहे.

निरोप सांगावयास आम्ही स्वतः गेलो. मावशी दारात जाळे विणीत बसल्या होत्या. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दादा, तुमचे संपाला आमची निवटी चालली. आता निवटीसाठी तुमचा संप नाय काय?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे काही वर्षांनी तो कारखाना मालकाने स्वतःच्या सोयीने बंद केला आणि जमीन विकली. ज्या नोकऱ्या वाचवावयास आम्ही गप्प बसलो त्या गेल्याच. आणि ज्यांनी पडत्या काळात खाऊ घातले असते ती बिळे आधीच रिकामी झाली होती. आमच्या लोकांची दुसरी टाळेबंदी निवटीशिवाय झाली.

असाच प्रश्न दुसऱ्या एका देशात कसा लढविला गेला ते पाहणे बोधप्रद आहे. जपानच्या क्यूशू बेटावर आरिआके नावाचे उथळ आखात आहे. तेथे निवटीची सख्खी बहीण राहते, तिला ते 'मुत्सुगोरो' म्हणतात. तेथील कोळी लांब फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायाने चिखल रेटीत घसरत जातात आणि लांब काठीच्या दोरीला लावलेल्या गळाने मुत्सुगोरो उचलतात. या आखाताच्या इसाहाया नावाच्या उपसागराला बांध घालण्याची पहिली योजना १९५२ची. युद्धानंतर अन्नाचा तुटवडा होता, भातशेती हवी होती. पुढे तांदूळ गरजेपेक्षा जास्त पिकू लागला; योजना मात्र मेली नाही, तिने कारणे बदलली. पूरसंरक्षण हे नवे कारण पुढे आले आणि १९८९ साली काम सुरू झाले. आधी काम ठरते व मग त्याचे कारण शोधले जाते, हा अनुभव जपान्यांनाही आहे असे दिसते.

१९९६ साली, म्हणजे आम्ही मांडवात बसलो होतो त्याच वर्षी, तेथील लोकांनी नागासाकीच्या न्यायालयात दावा लावला आणि वादी म्हणून मुत्सुगोरो माशाचे नाव घातले. दावा टिकला नाही. १४ एप्रिल १९९७ रोजी सात किलोमीटर लांबीच्या बांधातील २९३ पोलादी पत्रे एकामागून एक पाण्यात कोसळले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहून लोकांनी त्याला गिलोटिन म्हटले. आतला चिखल वाळला, मुत्सुगोरो वाळले. कोळ्यांनी लढा सोडला नाही. २०१० साली फुकुओकाच्या उच्च न्यायालयाने दरवाजे उघडण्याचा हुकूम दिला आणि तेव्हाच्या पंतप्रधानांनी त्यावर अपील न करण्याचे ठरविले. परंतु तोवर आतील जमिनीवर शेतकरी वसले होते. त्यांनी उलट दावा केला. कोळी एका बाजूस, शेतकरी दुसऱ्या बाजूस, आणि सरकार मध्ये हात जोडून उभे. दरवाजे उघडले नाहीत. २०२३च्या मार्चमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कोळ्यांचे अपील फेटाळून प्रकरणावर पडदा टाकला. कष्टकऱ्याला कष्टकऱ्यासमोर उभे करण्याची ही युक्ती आम्हांस फार ओळखीची वाटते. आमच्या कार्यकारिणीत नेमके तेच झाले होते. आमच्याविरुद्ध उलट दावा लावावयास सरकारचीही गरज पडली नव्हती.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मात्र नाही. १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला, आणि २०१८च्या निकालात तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे असे मानले. २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला. २०२२ साली ती खाडी जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. रोहित पाहावयास लोक होडीचे तिकीट काढून जातात. त्यांच्या गुलाबी पंखांखालच्या चिखलात डोळे वर करून बसलेली निवटी कोणास दिसत नाही. तिची तक्रार नाही. रोहितामुळे चिखल राखला गेला तर तीही राखली जाईल.

आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना वेगळीच आहे. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली की, बंदराच्या भरावाने आणि नगर-विकासाच्या कामांनी आमच्या खाड्या आणि भरतीच्या वाटा बंद झाल्या. फेब्रुवारी २०१५मध्ये न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निकाल आणि हातात पडलेला पैसा यांत केवढे अंतर असते हे कामगार न्यायालयाची पायरी चढलेल्यास सांगावयास नको. रकमेपेक्षा आम्ही त्यातील तत्त्वाकडे बोट दाखवितो. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, ज्याच्या मालकीचे बोटभर शेत नाही, त्याचाही त्या चिखलात हक्क होता आणि तो हक्क बुजविला म्हणजे नुकसान झाले, हे कागदावर आले. चरीच्या बांधावर जे अर्धे राहिले होते, साडेबारा टक्क्यांत जे सुटले होते, त्याचा निवटीच्या सातबाऱ्यातला हा पहिला फेरफार आहे असे आम्ही समजतो.

कोणी म्हणेल, एका क्षुल्लक माशासाठी कारखाने आणि बंदरे बंद करावयाची काय? आम्ही तसे म्हणत नाही. बंदरावरही आमचीच माणसे राबतात. आमचे म्हणणे एवढेच की, कारखान्याचा करार मालक आणि कामगार या दोघांतच होतो ही समजूत आता आपण टाकली पाहिजे. नाल्याच्या तोंडाशी एक तिसरा पक्ष उभा असतो, आणि संपाच्या काळात तोच आपले पातेले भरतो. तेव्हा मागणीपत्र तयार करताना पगार, बोनस, रजा यांच्याखाली एक कलम असे घालावे की, कारखान्याचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून सोडले जाणार नाही, त्याची नोंदवही खाडीकाठच्या गावाला केव्हाही पाहता येईल, आणि व्हॉल्व्ह उघडण्यास नकार देणाऱ्या कामगारावर कारवाई होणार नाही. यातील शेवटचे अर्धे वाक्य मिळवावयास कदाचित संप करावा लागेल. करावा.

त्या मावशी आता हयात नाहीत. त्यांची सून शहरात घरकामाला जाते. ओहोटी केव्हा लागते हे तिच्या मुलांना ठाऊक नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. कारखाना गेल्याला वर्षे झाली. चिखलावर दोन-तीन ठिकाणी बोटाएवढी भोके होती, आणि एका भोकाच्या कडेला दोन डोळे वर आले होते. आम्ही हललो तसे ते आत गेले.

संघटनेच्या इतिवृत्तातील मजकूर खोडता येत नाही, हा नियम आम्हीच नव्या कार्यकर्त्यांना शिकवितो. चूक झाली असेल तर पुढच्या सभेत दुरुस्ती मांडावयाची आणि ती नोंदवून घ्यावयाची. १९९७ सालच्या त्या बैठकीच्या इतिवृत्तास आमची दुरुस्ती अशी: सदर विषय संघटनेच्या कक्षेतला होता. श्रोत्यांनी ती नोंदवून घ्यावी.